निगा आणि दुरुस्ती

यंत्र विकत घेणें हें एका दिवसाचें काम आहे. तें चालतें ठेवणें हें वर्षानुवर्षांचें आहे. आमच्या इतिहासलेखकांनीं पहिल्या गोष्टीकडे जितकें लक्ष दिलें तितकें दुसरीकडे दिलें नाहीं. आगगाडी कोणत्या सालीं सुरू झाली, गांवांत वीज केव्हां आली, ह्या तारखा पुस्तकांत सांपडतात. पण तीच आगगाडी आणि तोच विजेचा पंप दहाव्या वर्षीं कोणाच्या हातांनीं चालता राहिला असें विचारलें तर ग्रंथ मुके होतात. प्रस्तुत लेखांत आम्ही हा प्रश्न एका लहान मुलखापुरता आणि एका लहान यंत्रापुरता घेत आहों. मुलूख म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके. यंत्र म्हणजे मोटरसायकल. आणि प्रश्न असा कीं, मालकानें तिची देखभाल स्वतः करावी, कीं गॅरेजांत पैसे मोजून करून घ्यावी?

वरवर पाहतां हा घरखर्चाचा प्रश्न दिसतो. चार पैसे वांचवावे कीं चार तास, येवढाच हिशेब त्यांत आहे असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तो त्याहून जुना आणि मोठा प्रश्न आहे. कोणतेंहि वाहन घेतलें कीं त्याबरोबर दोन तऱ्हेचें काम घरीं येतें. एक रोजचें, गाजावाजा न करतां करावयाचें. त्यास आपल्या भाषेंत निगा असा सुंदर शब्द आहे. दुसरें मोडल्यावर करावयाचें, ती दुरुस्ती. पहिलें मालकाचें आणि दुसरें कारागिराचें, अशी मर्यादा आपल्याकडे फार दिवसांपासून होती. प्रत्येक नव्या वाहनाबरोबर ती थोडी इकडेतिकडे सरकली. परंतु ती कोठें असावी हें मालक आणि कारागीर आपसांत ठरवीत. गेल्या चाळीस वर्षांत तें ठरविण्याचा अधिकार हळूहळू तिसऱ्याच्या, म्हणजे कारखानदाराच्या, हातीं गेला. हें कसें झालें आणि त्यांत आपलें काय गेलें, तें पाहणें हा या लेखाचा हेतु.

प्रथम मुलखाविषयीं. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहेत. शहापूर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. १८६१ सालीं लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत आला, १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेला, आणि आसनगांव, आटगांव, खर्डी हीं स्थानकें ह्या तालुक्याचीं दारें झालीं. मुरबाडास मात्र आगगाडी आजतागायत पोहोंचलेली नाहीं. कल्याणहून मुरबाड, सरळगांव, टोकावडें करीत माळशेज घाटानें वर जाणारा रस्ता हाच त्या तालुक्याचा मुख्य आधार. त्याहून जुनी वाट नाणेघाटाची. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतला माल त्याच वाटेनें जुन्नराकडे चढत असे. शहापूरहून किन्हवलीवरून सरळगांवास येणाऱ्या रस्त्यानें हे दोन तालुके एकमेकांस जोडले गेले आहेत. परंतु ह्या मोठ्या वाटा सोडून डोळखांबच्या किंवा धसईच्या बाजूस आंत वळलें, म्हणजे पाड्यापाड्यांची वस्ती लागते. मुसळधार पाऊस, ओढे, चढउतार आणि लांबलांब अंतरें हा येथला नित्याचा अनुभव. अशा मुलखांत वाहन मोडलें तर तें दुरुस्त करणारा मनुष्य किती कोसांवर आहे, ह्यावर माणसाच्या शहाणपणाचें मोजमाप होत असे.

बैलगाडीच्या काळांत ही मर्यादा अगदीं स्पष्ट होती. गाडीच्या आंसास वंगण देणें, जूं-साप्त्या तपासणें, खीळ ढिली झाली तर ठोकून बसविणें, हें गाडीवानाचें स्वतःचें काम. वंगण संपलेली गाडी रस्त्यानें करकरत निघाली तर त्या आवाजानें मालकाची आळशीपणाची ख्याति पुढच्या गांवास त्याच्या आधीं पोहोंचे. पण चाकावरची लोखंडी धाव सैल झाली म्हणजे लोहाराचा भाता गांठावा लागे. धाव तापवून लाल करावयाची, चाकावर बसवावयाची, आणि पाणी ओतून आवळून घ्यावयाची, हें घरच्या अंगणांत होणारें काम नव्हे. तुंबा फुटला किंवा आरे मोडले तर सुतार. बैलांच्या खुरांस पत्र्या मारावयाच्या तर नालबंद. पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हशाची जत्रा भरते. बैलांच्या बाजारासाठीं ती प्रसिद्ध आहे. आणि बैल घेणारा शेतकरी त्याचे दांत, खांदा व खूर स्वतःच्या डोळ्यांनीं पारखून घेतो. वाहनाची पारख मालकास असलीच पाहिजे, हा तो जुना संस्कार होय.

लोहार-सुतारांस मोबदला कसा मिळे, हेंहि येथें लक्षांत घेतलें पाहिजे. घाटावरच्या गांवांतून बलुत्याची पद्धति होती. कोंकणपट्टींत ती तितकी रुळलेली नव्हती, तरी सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्य देण्याची कल्पना अपरिचित नव्हती. प्रत्येक कामाचे वेगळे पैसे नाहींत. वर्षाचा ठराव, आणि वर्षभर काम. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गांवगाडा’ ह्या ग्रंथांत ह्या व्यवस्थेचें वर्णन केलें आहे, आणि तें भाबड्या कौतुकाचें नाहीं. धान्य ठरलेलें असलें कीं काम चोख व वेळेवर करण्याची निकड राहत नाहीं, आणि कुणब्यास आपल्याच कारागिराच्या दारीं खेटे घालावे लागतात, असा त्यांचा रोख आहे. गतकाळांत सर्व सुरळीत होतें असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेंत होती: लोहार काय करतो हें कुणब्यास समोर दिसत होतें. भाता उघड्यावर होता. पुष्कळदां घण मारण्यास कुणब्यालाच हात लावावा लागे.

सायकल आली तेव्हां ही मर्यादा मालकाच्या बाजूनें बरीच पुढें सरकली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें झाला, हें मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या दुकानांत सायकल विकत, दुरुस्त करीत आणि ती चालविण्यास शिकवीतहि असत. विक्री, दुरुस्ती आणि शिकवण हीं तिन्ही एका छपराखालीं होतीं, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पुढें तालुक्यातालुक्यांतून सायकलीचीं दुकानें निघालीं. तासाच्या भाड्यानें सायकल घेणारा मुलगा तेथें उभा राहून पंक्चर काढणें पाही: ट्यूब घमेल्यांतल्या पाण्यांत बुडवून बुडबुडे शोधावयाचे, ती जागा घासावयाची, सोल्युशन लावावयाचें, तुकडा चिकटवावयाचा. दोनचार वेळां पाहिलें कीं चौथ्या इयत्तेंतल्या मुलासहि तें करतां येई. कारागिराची विद्या अशी फुकट पसरत गेली, आणि तरीहि कारागिराचें दुकान बंद पडलें नाहीं.

मोटरसायकल आमच्या खेड्यांत खऱ्या अर्थानें आली ती स्वातंत्र्यानंतर. एन्फील्डची जुळणी मद्रासेस १९५५ सालीं सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून जावा निघूं लागली, तीच पुढें येझ्दी ह्या नांवानें चालली. एस्कॉर्ट्सची राजदूतहि त्याच दशकांतली. परवान्यांचा तो काळ होता. गाडी मिळावयास वाट पाहावी लागे आणि सुटे भाग मिळावयास त्याहून अधिक. ज्याच्याजवळ गाडी होती तो तिच्या पोटांतील अर्धी विद्या जाणतच असे. कारण न जाणून चालत नसे.

ह्या गाड्यांपैकीं जावा, येझ्दी व राजदूत ह्यांचीं इंजिनें दोन धक्क्यांचीं, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यांत ऑइल वेगळें नसे. तें पेट्रोलांतच ठराविक प्रमाणांत मिसळावें लागे. कमी पडलें तर पिस्टन आवळे. जास्त पडलें तर प्लग काजळे आणि धुराड्यांत कार्बन सांचे. म्हणून प्रत्येक टांकी भरतांना मालकास त्रैराशिक मांडावें लागे. खिशांत एक जादा प्लग, बैठकीखालीं पाने, पक्कड आणि पॉलिश पेपरचा तुकडा, हा सरंजाम ठरलेला. काजळलेला प्लग काढून घासावयाचा आणि त्याच्या दोन टोकांतलें अंतर सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवावयाचें. पॉइंटांमधलें अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास असावें. चेन मध्यभागीं बोटानें उचलली तर दोनअडीच सेंटिमीटरांहून अधिक हलूं नये. हे आंकडे मालकाच्या बोटांस पाठ होते.

घाटाची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. चार धक्क्यांच्या इंजिनाप्रमाणें दोन धक्क्यांचें इंजिन उतारावर गाडीस फारसें आवरून धरीत नाहीं. सारा भार ब्रेकांवर येतो, आणि ते तापतात. शिवाय पेट्रोलांतूनच ऑइल मिळत असल्यामुळें, लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी सोडली कीं इंजिन फिरतें खरें, पण त्यास वंगण जवळजवळ मिळत नाहीं, आणि पिस्टन आवळण्याचा संभव असतो. म्हणून जाणता मनुष्य थळ किंवा माळशेज उतरतांना मधूनमधून ॲक्सिलरेटर किंचित् देत जाई. ही युक्ति गॅरेजांतला मिस्त्री विकत देऊं शकत नव्हता. ती गाडी चालविणाऱ्यासच ठाऊक असावी लागे, आणि ती ठाऊक असण्यासाठीं इंजिनाच्या आंत काय चालतें ह्याचें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें असावें लागे. निगा म्हणजे केवळ पाना फिरविणें नव्हे. तें ज्ञान आहे, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

ह्या इतिहासांत कलाटणीचें वर्ष १९८५ होय. हीरो आणि जपानची होंडा ह्यांच्या भागीदारीतून सीडी १०० ही चार धक्क्यांची लहान मोटरसायकल त्या वर्षीं बाजारांत आली. भरा, बंद करा आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. ‘भरा’ म्हणजे पेट्रोल. आणि ‘विसरा’ म्हणजे काय, तें आजच्या वाचकांस सांगावयास नको. ऑइल मिसळण्याचें त्रैराशिक गेलें, प्लगची काजळी कमी झाली, पेट्रोलाचा खर्च निम्म्यावर आला. १९९४ सालीं त्याच घराण्यांतली स्प्लेंडर आली. ह्या गाड्यांनीं जें केलें तें थोडें नाहीं. पूर्वीं जी वस्तु डॉक्टराच्या किंवा व्यापाऱ्याच्या दारांत असे, ती शिक्षकाच्या, गिरणीकामगाराच्या मुलाच्या आणि भाताच्या दोन एकरांवर राबणाऱ्या शेतकऱ्याच्या दारांत आली. २००१ पासून ॲक्टिवासारख्या गियर नसलेल्या स्कूटरींनीं शिक्षिकेस आणि परिचारिकेसहि आपल्या वेळेवर जाण्यायेण्याचें स्वातंत्र्य दिलें. जुन्या गाड्यांच्या आठवणींनीं गहिंवरणारांनीं हा लाभ दृष्टिआड करूं नये. तशा गहिंवरांत बहुधा दर रविवारीं तेलांत हात बुडविण्याची फुरसत गृहीत धरलेली असते.

पण ‘विसरा’ ह्या शब्दानें एक शंभर वर्षांचा संस्कार मोडला. गाडी चांगली म्हणजे जिच्याकडे पाहावें लागत नाहीं ती, अशी व्याख्या रूढ झाली. वास्तविक चार धक्क्यांच्या इंजिनासहि ऑइल लागतें, तें बदलावें लागतें, चेन सैल होते, ब्रेकचे लायनर झिजतात. विसरण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. फक्त विसरल्याची शिक्षा उशिरां मिळूं लागली. जावा दुसऱ्याच दिवशीं रुसत असे. स्प्लेंडर दोन वर्षें मुकाट्यानें सोसते आणि मग एकदम मोठा खर्च पुढें करते.

मालकानें जें सोडलें तें गॅरेजनें उचललें. बाजारपेठांतून आणि नाक्यानाक्यांवर जेथें पूर्वीं सायकलीचें दुकान होतें तेथें बहुधा मोटरसायकलचें गॅरेज उभें राहिलें. टपरीएवढी जागा, भिंतीवर पान्यांच्या आकृति, खालीं तेलानें काळी झालेली जमीन, आणि हाताखालीं दोन पोरें: हें दृश्य महाराष्ट्रांत कोठेंहि दिसतें. तेथल्या मिस्त्रीनें बहुधा शाळा लवकर सोडलेली असते. पण किक मारल्यावर येणाऱ्या आवाजावरून टॅपेट वाजतो कीं टायमिंग चेन, हें तो सांगूं शकतो. अशी विद्या पुस्तकांत नाहीं. ती पाहून, मार खाऊन आणि हजार गाड्या उघडून येते. पदवीधर वर्गानें ह्या विद्येस विद्या म्हणून कधीं मान दिला नाहीं, हा आमच्या शिक्षणाचा एक मोठा दोष आहे असें आमचें मत आहे.

शिवाय एक नवेंच बलुतें सुरू झालें. गाडीबरोबर फुकट सर्व्हिसिंगच्या पावत्यांचें पुस्तक मिळतें, आणि पुढें वर्षाचे पैसे आगाऊ भरून करार करतां येतो. वर्षाचा ठराव आणि वर्षभर काम, ही ती जुनीच कल्पना. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. लोहाराचा भाता उघड्यावर होता. शोरूमच्या वर्कशॉपांत मात्र बहुधा ग्राहकास बांकावर बसवून आंत काम चालतें. बलुत्याचा जो दोष आत्र्यांनीं दाखविला तो येथें संभवतो, आणि बलुत्यांत जो गुण होता तो येथें नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे धूरनियम लागू झाले. त्यांसाठीं मोटरसायकलींतला कार्बोरेटर बहुतेक गेला आणि पेट्रोल नेमकें मोजून सोडणारी इंजेक्शनची यंत्रणा आली. हवा स्वच्छ राहावी हा हेतु योग्यच आहे, आणि थंडींत गाडी एका दमांत सुरू होते हेंहि खरें. परंतु आतां बिघाड झाला कीं गाडीवर एक पिंवळा दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ वाचण्यास वेगळें उपकरण लागतें. येथें प्रथमच असें झालें कीं, केवळ मालकच नव्हे तर गांवचा मिस्त्रीहि दाराबाहेर राहिला. कानांनीं रोग ओळखणाऱ्या माणसास यंत्र म्हणतें, कीं मी तुझ्याशीं बोलणार नाहीं. ज्याच्याजवळ माझी भाषा आहे त्यास घेऊन ये. ज्यांस जमलें त्यांनीं असें उपकरण घेतलें आणि तें शिकूनहि घेतलें; ज्यांस जमलें नाहीं ते टायर, ब्रेक आणि जुन्या गाड्या ह्यांवर निभावीत आहेत. ते नियम लागू झाले त्याच आठवड्यांत देश टाळेबंदींत होता आणि गॅरेजेंहि बंद होतीं. आपल्या गाडीचें ऑइल कोठून पाहावयाचें हें तेव्हां अनेकांस प्रथमच विचारावें लागलें.

हा प्रश्न केवळ आपलाच नाहीं. अमेरिकेंत रॉबर्ट पर्सिग यांनीं १९७४ सालीं मोटरसायकलच्या देखभालीचें निमित्त करून एक तत्त्वचिंतनाचें पुस्तक लिहिलें, तें जगभर वाचलें गेलें. त्यांत निवेदक आपली गाडी स्वतः सांभाळतो. त्याचा सोबती मात्र महागडी जर्मन गाडी घेतो आणि तिच्या आंत डोकावण्यास राजी नसतो. त्याच्या गाडीचें हँडल सैल झालें असतां निवेदक बियरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी मध्यें बसवावयास सुचवितो, तेव्हां मित्रास तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. आमच्याकडे तसा अपमान कोणास वाटला नसता. डब्याच्या पत्र्यानें तर आमचा निम्मा संसार चालला आहे. त्याच पुस्तकांत, रेडिओ मोठ्यानें लावून बेफिकिरीनें काम करणाऱ्या एका दुकानानें गाडीची कशी वाट लावली आणि मूळ दोष पंचवीस सेंटच्या एका खिळींत कसा निघाला, हेंहि सांगितलें आहे. पर्सिगचा राग दुकानावर नाहीं. कामांत मन नसण्यावर आहे. मन नसलेला मालकहि त्यास तितकाच अप्रिय झाला असता.

पुढें ह्याच असंतोषास कायद्याचें रूप आलें. मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांसहि द्यावी, असा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालीं केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. शेतीचीं अवजारें, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तु, घरगुती उपकरणें आणि वाहनें हीं चार क्षेत्रें तिच्यापुढें ठेवलीं. हा हक्क ज्यास सर्वांत उपयोगी पडेल तो शहरांतला हौशी मनुष्य नव्हे. डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूचा ज्या मुलाची रोजी पहाटेच्या लोकलवर किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींतल्या पाळीवर अवलंबून आहे, त्याची गाडी जवळच्या नाक्यावर दुरुस्त होते कीं तालुक्याच्या गांवींच न्यावी लागते, ह्यावर त्याच्या एका दिवसाची मजुरी ठरते.

मग मालकानें काय करावें? सर्व कांहीं स्वतः करीन असा हट्ट आम्ही शहाणपणाचा समजत नाहीं. इंजिन उघडण्यास विशिष्ट पुलर लागतात, नट किती आवळावा ह्याचें माप लागतें. ॲल्युमिनियमच्या भागांत बोल्ट जोरानें पिळला तर आटे जातात आणि पन्नास रुपयांच्या बचतीपायीं हजारांचा भाग बदलावा लागतो. ब्रेक चुकीचे बसविले तर किंमत पैशांत मोजतां येत नाहीं. काढलेलें काळें ऑइल ओढ्यांत ओतणारेहि आहेत. आणि त्या बाजूचे ओढे शेवटीं काळूस आणि भातशास मिळतात, जिच्या पाण्यावर मुंबई जगते. गॅरेजवाला तें ऑइल निदान पिंपांत सांठवून विकतो. तेव्हां दुरुस्ती कारागिराची, आणि तिचा योग्य मोबदला त्यास घासाघीस न करतां द्यावा.

परंतु निगा मालकाची. टायरांतली हवा, चेनचा ताण आणि तिचें वंगण, ऑइलची पातळी, ब्रेकचा खेळ, क्लचची वायर तुटत आली कीं काय हें पाहणें, ह्यांस आठवड्यांतून अर्धा तास पुरतो. ह्यांतून पैसे फारसे वांचत नाहींत. ऑइलची किंमत दुकानांत आणि घरीं तीच असते, आणि खेड्यांतली मजुरी मुळांतच थोडी. लाभ होतो तो डोळ्यांस. ज्यानें शनिवारीं ब्रेक पाहिला आहे त्यास रविवारीं माळशेज उतरतांना आपण कशावर बसलों आहों हें ठाऊक असतें. ज्यानें स्वतः ऑइल पाहिलें आहे त्यास गॅरेजांत काय विचारावें हें समजतें. आणि विचारणाऱ्या गिऱ्हाइकापुढें चांगल्या मिस्त्रीचा हुरूप वाढतो, हा आमचा अनुभव आहे. नव्या यंत्रांनीं सगळेंच हिरावून घेतलें असेंहि नाहीं. ट्यूब नसलेल्या टायरचें पंक्चर रबराची पट्टी खुपसून रस्त्यावरच मालकास बुजवितां येतें. जुन्या ट्यूबच्या टायरांत तें इतकें सोपें कधींच नव्हतें. म्हणजे मर्यादा उलट दिशेनेंहि सरकूं शकते. ती सरकावी असें वाटणारा मालक मात्र पाहिजे.

विजेच्या दुचाकी आतां ह्या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवरहि दिसूं लागल्या आहेत. त्यांत ऑइल नाहीं, प्लग नाहीं, आणि बॅटरीची पेटी तर कारखान्यांतच मोहोरबंद होऊन येते. त्यांची निगा कोणती आणि दुरुस्ती कोणती, ही रेषा अजून कायमची आंखली गेलेली नाहीं. ती आंखली जात असतां मालक आणि गांवचा मिस्त्री ह्या दोघांसहि तेथें जागा असावी, असें आम्हांस वाटतें. नाहींपेक्षां लोहाराच्या उघड्या भात्यापासून सुरू झालेली ही हकीकत एका बंद पेटीपाशीं येऊन थांबेल.